आतला रकाना

पालिकेचा माणूस सकाळीच पुस्तिकेची कच्ची प्रत देऊन गेला. जाताना त्याने तीनदा बजावलं, "दुरुस्त्या पाचपर्यंत द्या मॅडम. पाच म्हणजे पाच. उद्या पुस्तिका हातात नसली तर साहेब मला फाडून खातील." उद्या अकराला फाटकावरचा जुना फळा उतरवायचा होता. तो संग्रहालयात जाणार आणि परवापासून इमारतींवर हातोडे पडणार. फळ्यावरचं कापड आईच्या हातून काढायचं ठरलं होतं, कारण कालव्यापलीकडच्या त्या साथीच्या हॉस्पिटलात तीन पिढ्या राबलेलं दुसरं घर आता शहरात उरलं नव्हतं. एकोणनव्वद वर्षांच्या बाईला चाकाच्या खुर्चीतून फळ्याखाली न्यायचं, ती दोरी ओढणार, चार माणसं टाळ्या वाजवणार, आणि प्रत्येकाच्या हातात धाकटीने लिहिलेला हॉस्पिटलचा इतिहास.

धाकटी, म्हणजे आईची शेवटची मुलगी, शाळेत इतिहास शिकवायची. वर्षभर सुट्ट्यांत पालिकेच्या दफ्तरखान्यात बसून, शिंकून शिंकून नाक लाल करून तिने तो लिहिला होता. दादा त्याला नसता उपद्व्याप म्हणत होता, पण वाचून दाखवायला बसली की खोकी बांधणं सोडून ऐकतही होता. हॉस्पिटलच्या फाटकासमोरचं त्यांचं क्वार्टर उद्या संध्याकाळी सोडायचं होतं. भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन उरले होते, आणि सामानात फक्त टेबल, दोन खुर्च्या आणि चहाची भांडी बाहेर होती. आई व्हरांड्यात बसली होती, फाटकाकडे तोंड करून. तिथेच बसायची ती नेहमी.

"वाच की पुढे," ताई म्हणाली. ती जमिनीवर बसून आईच्या शालींच्या घड्या घालत होती. एकाहत्तराव्या वर्षीही तिच्या घड्यांचे कोपरे वॉर्डातल्या चादरीसारखे काटकोनात बसत. मेट्रन म्हणून निवृत्त होऊन तिला तेरा वर्षं झाली होती, तरी घरात सगळे तिच्यासमोर नकळत ताठ बसायचे.

धाकटी वाचू लागली. शहरात देवीची साथ आली तेव्हा कालव्यापलीकडे, वीटभट्ट्यांच्या मागे, चार पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. साथ ओसरल्यावर त्या पाडायच्या होत्या. पण देवी गेली तर पटकी आली, पटकी गेली तर विषमज्वर, आणि शेडच्या जागी दगडी वॉर्ड बांधले गेले. शहरात त्या हॉस्पिटलचं नाव कुणी घेत नसे. 'पलीकडे नेलं' एवढंच म्हणत, आणि ऐकणारा समजून जाई. बस कालव्यापाशी थांबली तरी कंडक्टर थांब्याचं नाव पुकारत नसे.

"रोगी आणायची आजोबांची घोडागाडी?" दादाने विचारलं.

"पान नऊ."

"ते वाक्य घेतलंयस ना? आमच्या गाडीला वाट मागावी लागत नाही, लोकच गल्ली सोडतात."

"घेतलंय. पालिकेच्या साहेबांना ते फार आवडलं."

"त्यांना आवडायला काय जातंय. ते त्या गाडीत बसले नाहीत कधी."

ताई हसली. धाकटीने पान उलटलं आणि फळ्याचा भाग काढला. तो तिने सगळ्यात मन लावून लिहिला होता. आत गेलेल्या रोग्याला भेटता येत नसे. आत गेलेली वस्तू बाहेर येत नसे, मग ते खेळणं असो की पत्र. म्हणून प्रत्येक रोग्याला नंबर मिळे आणि तो नंबर घरच्यांना सांगितला जाई. नाव फळ्यावर लिहायचं नाही, नाहीतर शेजारीपाजारी त्या घराशी बोलणं टाकत. रोज दुपारी चारला फाटकावरच्या मोठ्या काळ्या फळ्यावर नंबरांच्या पत्र्याच्या पाट्या खिळ्यांना अडकवल्या जात. रकाने तीन. पहिला 'सुधारतो'. दुसरा 'तसाच'. तिसऱ्यावर लिहिलेलं असे 'आत या'. ज्याचा नंबर तिसऱ्या रकान्यात, त्याच्या घरच्यांसाठी फाटक उघडे. ही शेवटची भेट, हा त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. तिसऱ्या रकान्याला लोक आतला रकाना म्हणत, तेही हळू आवाजात.

हा फळा अठ्ठावीस वर्षं अण्णांनी सांभाळला. अण्णा म्हणजे या तिघांचे वडील. सगळं हॉस्पिटल त्यांना पाटीवाले म्हणायचं. लोक कामावर पाट्या टाकतात, आपण पाट्या लावतो, हा त्यांचा एकुलता एक विनोद होता आणि तो त्यांनी बदलीवर आलेल्या प्रत्येक डॉक्टरला ऐकवला होता.

"चिठ्ठीसुद्धा बाहेर यायची नाही," धाकटीने वाचलं. "चारला पाच मिनिटं कमी असताना वॉर्डातली परिचारिका नंबरांची चिठ्ठी आतून काचेवर धरे, आणि पाटीवाला बाहेर उभा राहून ती वहीत उतरवून घेई. काच जाड असल्याने आवाज पोचत नसे. बोलणं खुणांनी चाले. हे बरोबर आहे ना गं ताई? तूच सांगितलं होतंस."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. तिने घडी घातलेली शाल मोडली आणि परत घालायला घेतली.

मग पान एकतीस आलं. धाकटीने आवाज खाली आणला आणि व्हरांड्याकडे एकदा पाहिलं. "घटसर्पाच्या मोठ्या साथीत एक गंभीर चूक झाली. सतरा नंबर वॉर्डाच्या चिठ्ठीवर तिसऱ्या रकान्यात होता, परंतु पाटीवाल्याने पाटी हलवली नाही. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाची आई फाटकावरून परत गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मूल दगावलं. चौकशीत पाटीवाल्याने खुलासा देण्यास नकार दिला. त्याला ताकीद देण्यात आली."

सतरा नंबर म्हणजे त्यांचाच भाऊ होता. घरात त्याला खारू म्हणत, कारण तो बिया, बटणं, खडू, दिसेल ते खिशात साठवायचा. या घरात बावन्न वर्षं त्याच्याबद्दल एवढं सलग कुणी बोललं नव्हतं.

"हे काढून टाक," दादा म्हणाला.

"दादा, दफ्तरात आहे ते. मी मनचं नाही लिहिलं. पाटीवाला आपले वडील होते हेही मी लिहिलेलं नाही."

"ज्याला माहीत नाही त्याला उद्या तिथेच कुणीतरी सांगेल. आई दोरी ओढणार आणि पान एकतीसवर हे? तुझा इतिहास राहिला बाजूला, म्हातारीच्या काळजाला घरं पडतील."

"आईला हे आजच कळतंय का? ती तर रोज तेच सांगत आली. मी जन्मल्यापासून ऐकतेय. पाटी हलवली नाही, पाटी हलवली नाही." धाकटीने आधारासाठी ताईकडे पाहिलं. अशा वेळी ताई नेहमी तिची बाजू घ्यायची. दादा आईचा, धाकटी ताईची, अशी वाटणी या घरात फार जुनी होती. अण्णांच्या वाट्याला कुणी आलं नव्हतं.

"काढून टाक," ताई म्हणाली.

"तूसुद्धा?"

"ते खोटं आहे."

"चौकशीचा कागद आहे ताई. सही-शिक्क्यासकट."

"असू दे. खोटं आहे."

*

दादाने दोरीची गाठ अर्धवट सोडली. त्याला ताईच्या आवाजात काहीतरी ऐकू आलं होतं. चाळीस वर्षं तो हॉस्पिटलच्या बंबावर होता. कपडे, गाद्या, पुस्तकं, चपला, सगळं वाफेच्या खोलीत घालून निर्जंतुक करायचं काम. बंब फुटायच्या आधी आवाज बदलतो, तो काट्याकडे न बघता ओळखायचा.

साथीच्या त्या वर्षी तो बारा वर्षांचा होता. खारू गेला त्या सकाळी आईने अण्णांना सगळ्यांसमोर विचारलं, "पाटी का हलवली नाहीत?" अण्णा खाली बघत उभे राहिले. आईने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "याचं उत्तर द्याल तेव्हाच मी तुमच्याशी बोलेन." उत्तर आलं नाही. तेव्हापासून अण्णा जाईपर्यंत, एकतीस वर्षं, ती त्यांच्याशी बोलली नाही. घर चाललं, धाकटी वाढली, ताट वेळेवर वाढलं गेलं, कपडे धुतले गेले. पण जे सांगायचं ते तिसऱ्याकरवी. "त्यांना सांग, जेवण वाढलंय." "त्यांना विचार, पगार झाला का." अण्णा हातभर अंतरावर बसलेले असायचे. दादाने हे निरोप शेकड्यांनी पोचवले होते आणि पोचवता पोचवता तो आईचा होऊन गेला होता. बंबावर लागल्यावर जेवणाच्या सुट्टीत अण्णा डबा घेऊन बंबाच्या पायरीवर येऊन बसत. दादा आपला डबा घेऊन मागच्या बाजूला जाई. एकदा तर तो म्हणाला होता, "पाटी हलवायला किती वेळ लागतो हो अण्णा?" अण्णांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "फार नाही लागत."

"ताई," दादा म्हणाला, "काय ते सरळ सांग."

ताईने शाल बाजूला ठेवली. "आत चला. स्वयंपाकघरात."

"आई झोपलीय."

"आई कधी झोपलेली असते आणि कधी नसते, हे मला अजून कळलेलं नाही. आत चला."

*

स्वयंपाकघरात उभं राहायलाही जागा नव्हती. ताई ओट्याला टेकली. वॉर्डातल्या नव्या मुलींना समज देताना ती अशीच उभी राहायची, पण आज हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"त्या दिवशी काचेवर चिठ्ठी मी धरली होती," ती म्हणाली.

धाकटीला आधी समजलंच नाही. "तू तर तेव्हा शिकत होतीस."

"एकोणीस वर्षांची होते. साथीत माणसं कुठून आणणार? शिकाऊ, शिकलेल्या, सगळ्यांना वॉर्डात लोटलं होतं. खारूला माझ्याच वॉर्डात आणलं. मला वाटलं, बरंच झालं, मी आहे ना." ती थांबली. "घशात पडदा धरला होता त्याच्या. चार दिवस श्वास घेताना शिटीसारखा आवाज यायचा. पाचव्या दिवशी पडदा सुटला. घसा मोकळा. पेजेसारखं काहीतरी पातळ प्यायला, माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, जिंकलो. आणि त्याच दुपारी मोठ्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि सतरा नंबर तिसऱ्या रकान्यात लिहिला."

"का?" दादाने विचारलं.

"घटसर्पात घसा मोकळा झाल्यावर हृदय बसतं कधीकधी. आज मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. पुढे चाळीस वर्षं मी मुलींना तेच शिकवलं, घशावर जाऊ नका, नाडी बघा. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, डॉक्टर उगाच घाबरतात."

"मग?"

"आधीच्या आठवड्यात बारा नंबरची आई आतल्या रकान्यात आली होती. पोरीला छातीशी धरून बसली, मुके घेतले. अकरा दिवसांनी ती स्वतः गेली. तिला मीच पुसून, कपडे घालून तयार केलं होतं." ताईने धाकटीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आईला सातवा महिना चालू होता."

धाकटी मनात महिने मोजू लागली.

"चिठ्ठी काचेवर धरली तेव्हा मी अंगठा तिसऱ्या रकान्यावर ठेवला. त्या दिवशी त्या रकान्यात एकच नंबर होता. अण्णांनी आधी पहिला रकाना पाहिला, मग दुसरा. सतरा कुठेच नाही. त्यांनी काचेवर पेन्सिलीने टकटक केलं, सतरा कुठे म्हणून. मी दुसऱ्या हाताने खूण केली, तसाच." तिने तळवा आडवा धरून किंचित हलवला. इतक्या वर्षांनी हाताला ती खूण बिनचूक आठवत होती. "त्यांनी वही मिटली आणि गेले. मी मनात म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या तो आणखी बरा असेल आणि डॉक्टर स्वतःच नंबर मागे घेतील."

नळ ठिबकत होता. दादाने तो घट्ट पिळला, तरी तो ठिबकत राहिला.

"आणि अण्णांनी सगळं स्वतःवर घेतलं," तो म्हणाला. "चिठ्ठीवर नंबर होता, वहीत नव्हता. म्हणजे चूक त्यांचीच ठरणार. त्यांना कळलं तरी होतं का तुझं?"

"एकतीस वर्षं मला वाटत होतं की नाही कळलं. माझ्या खुणेवर विश्वास ठेवला असेल. तेवढ्यावरच मी जगले म्हण. मग शेवटच्या दिवशी मी त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा म्हणाले, 'अंगठा मला दिसला होता, पोरी. काढ म्हणायला एक खूण पुरली असती. मी केली नाही.'" ताईचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "त्यांनाही ते बघायचं नव्हतं रे. बाप होते ते. खालचा नंबर वाचला असता तर पाटी स्वतःच्या हाताने हलवावी लागली असती."

दादा खाली बसला. खोक्यावर बसला, आणि खोकं त्याच्या वजनाने चेपलं तरी उठला नाही. "मी त्यांच्याबरोबर जेवलो नाही," तो म्हणाला. "चौदा वर्षं एका आवारात काम केलं आणि एक घास बरोबर खाल्ला नाही. तू बघत होतीस ताई. रोज बघत होतीस."

"हो."

"एकदा तरी बोलायचंस."

"आधी आई बाळंत होऊ दे म्हटलं. मग ही लहान होती. मग माझी नोकरी कायम व्हायची होती. मग मी मेट्रन झाले. दर वर्षी सांगणं आदल्या वर्षापेक्षा अवघड होत गेलं. अण्णा गेल्यावर वाटलं, आता कुणासाठी सांगायचं." तिने डोळे पुसले. "भित्री होते मी, दुसरं काही नाही. सगळं हॉस्पिटल मला वाघीण म्हणायचं."

आपल्या जन्माची किंमत कुणीतरी आपल्या जन्माआधीच मोजली होती आणि बिल दुसऱ्याच्या दारात गेलं होतं, हे धाकटीला हळूहळू उमगत होतं. लहानपणी निरोप पोचवायला तीच लागायची सगळ्यात जास्त. 'त्यांना सांग'मधला 'सांग' म्हणजे तीच. अण्णा निरोप ऐकून तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि जरा जास्तच वेळ ठेवायचे. ते का, हे तिला आज कळलं आणि आता विचारायला अण्णा नव्हते.

"म्हणजे माझ्यासाठी," ती म्हणाली.

"तुझ्यावर नको घेऊस. अंगठा माझा होता."

भिंतीवरचं घड्याळ खोक्यात गेलं होतं. दादाने मनगटाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"असं करू," तो म्हणाला. "लिही की चूक कशी झाली ते कळलं नाही. अण्णांचं नाव सुटेल, ताईचंही येणार नाही. आणि आईला काही सांगायचं नाही. या वयात तिला हे सोसायचं नाही."

"काय सोसायचं नाही?" धाकटी म्हणाली. "तिने एका उत्तराची एवढी वर्षं वाट पाहिली. उत्तर या स्वयंपाकघरात आहे आणि आपण दार लावून घ्यायचं?"

"अगं, उत्तर मिळाल्यावर तिच्या हातात काय उरणार आहे? नवऱ्याशी उगाच अबोला धरला, एवढंच ना? तो तर गेला."

दोघंही बरोबर बोलत होती, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. ताईने टेबलावरून कच्ची प्रत आणली, धाकटीचं पेन घेतलं आणि पान एकतीसवरच्या तीन ओळींवर रेघ मारली. मग समासात, मेट्रनच्या त्या सुवाच्य, उभ्या अक्षरात लिहिलं: 'चिठ्ठी धरणाऱ्या शिकाऊ परिचारिकेने सतरा नंबर अंगठ्याखाली झाकला. पाटीवाल्याने तिला वाचवण्यासाठी खुलासा दिला नाही. ती परिचारिका मी.' आणि खाली सही केली.

"पाचला तो माणूस येईल," ती म्हणाली. "छापील अक्षरांतून कळण्याआधी तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे."

*

आई झोपली नव्हती. डोळे मिटून बसलं की लोक मोकळेपणाने बोलतात, हे तिला फार पूर्वी कळलं होतं. पण आज तिला ऐकू आलं ते फक्त नळाचं ठिबकणं आणि आतली कुजबुज. तिचं लक्ष फाटकाकडे होतं. फळ्यावर निळं कापड टाकलं होतं, आणि ते वाऱ्याने जरा उचललं जायचं तेव्हा खालच्या खिळ्यांची रांग दिसायची.

त्या दिवशी ती तिकडे, फाटकाच्या कठड्याला धरून उभी होती. चार वाजता अण्णा फळ्यापाशी आले. सतराची पाटी 'तसाच'मध्ये राहिली. तिला बरं वाटलं होतं. तसाच म्हणजे आहे तरी. तिने घरी येऊन खारूच्या सदऱ्याला बटणं लावली होती, कारण परत आल्यावर सदरा लागेल. ती बटणं लावताना वाटलेलं समाधान तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. आणि नवऱ्यालाही नाही, कारण ते समाधान त्याने दिलं होतं. अबोल्याच्या सातव्या-आठव्या वर्षी एकदा त्याला ताप भरला होता, तेव्हा तिच्या तोंडाशी आलं होतं, पाणी देऊ का? पण मग वाटलं, एक शब्द बोलले तर उत्तराचा हक्क जाईल. तिने धाकटीला हाक मारली आणि म्हणाली, "त्यांना विचार, पाणी हवंय का."

ताई समोर येऊन जमिनीवर बसली. गुडघ्यांना त्रास होत होता, तरी खालीच बसली. मागे दारात दादा आणि धाकटी उभी राहिली. ताईने सगळं सांगितलं, कुठेही न सजवता, वॉर्डात पाळी बदलताना रोग्याची माहिती देतात तसं. घसा, नाडी, बारा नंबरची आई, अंगठा, काचेवरची टकटक. शेवटी अण्णांचं वाक्यही सांगितलं.

आईने फाटकावरची नजर काढली नाही.

"शुद्धीत होता का तो?" तिने विचारलं.

"हो. शेवटपर्यंत."

"मला विचारलं त्याने?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "रात्रभर विचारत होता."

"तू काय सांगितलंस?"

"उद्या येईल म्हणून सांगितलं."

आईने मान हलवली, एखादा हिशोब नीट लागल्यावर हलवतात तशी. तिचे हात मांडीवर होते. त्यांतल्या एका हाताने ती दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून चाचपत राहिली. "पाणी हवंय का, एवढंही मी त्यांना तोंडाने विचारलं नाही," ती म्हणाली. हे कुणाला उद्देशून नव्हतं. दादाने दारातून एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबला. रडताना आईला कुणी कधी पाहिलं नव्हतं आणि आजही ती रडली नाही, पण तिचा चेहरा आतून ओढला गेला आणि तसाच राहिला.

"आई," ताई म्हणाली. "काहीतरी बोल. शिव्या दे."

आई तिच्या डोक्यावरून पलीकडे, दाराकडे पाहू लागली. तिला हवी असलेली व्यक्ती तिथे उभी होती. लहानपणापासून याच कामासाठी ती लागत आली होती.

"धाकटे," ती म्हणाली. "तिला सांग."

ताईने मान खाली घातली. तो स्वर धाकटीच्या ओळखीचा होता, आणि तो पुन्हा ऐकावा लागेल असं तिला या जन्मात वाटलं नव्हतं. ताई हातभर अंतरावर बसलेली होती.

"काय सांगू, आई?"

फाटकापाशी पालिकेच्या माणसाची मोटारसायकल येऊन थांबली. पाचला अजून वेळ होता, तो लवकर आला होता. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने खुर्चीच्या चाकाची कडी स्वतःच सोडली.

"तिला सांग, मला आत ने म्हणावं. तो कोणत्या खाटेवर होता ते मला दाखव म्हणावं."

धाकटीने सांगितलं नाही, कारण गरज नव्हती. ताई कठड्याला धरून उठली, खुर्चीच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी मुठी पकडल्या.